काटेरावांच्या हातचा लॅपटॉप

भंगाराच्या त्या आवारात रोज सकाळी सगळ्यांत आधी चालू व्हायचा तो वजनकाट्यावरचा लॅपटॉप, आणि तो चालू करायचा मान एकट्या काटेरावांचा. मान म्हणा नाहीतर शिक्षा म्हणा. ट्रक आत आला की आधी काट्यावर उभा राहणार, काट्याचा आकडा लॅपटॉपवर उमटणार, पावती निघणार, मगच मालाला हात लागणार. लॅपटॉप रुसून बसला की फाटकाबाहेर ट्रकांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या आणि मालकीणबाईंचा चढलेला पारा, हे सगळं एकदमच सुरू व्हायचं.

काटेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. काट्यावर बसतात म्हणून ड्रायव्हरांनी पाडलेलं. पण इतकी वर्षं कानावर पडल्यावर आता घरचं कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते मागे वळून बघायचे, दुसऱ्या कुणाला बोलावतायत की काय म्हणून.

तर तो लॅपटॉप. म्हातारा म्हणजे किती म्हातारा, तर बटणांवरची निम्मी अक्षरं बोटांनी खाऊन टाकलेली, झाकणाची एक बिजागरी तुटलेली आणि तिच्यावर थरावर थर चिकटपट्टी. बॅटरी नावालाच होती. संध्याकाळी घरी जाताना मालकीणबाई स्वतःच्या हातानं मेन स्विच पाडायच्या, की हा लगेच मान टाकायचा. दिवसा लाइट गेली तरी तेच. काट्याचा प्रोग्रॅम ज्यानं बसवून दिला तो माणूस कधीच धंदा गुंडाळून निघून गेलेला, आणि तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालायला तयार नाही. बरं, मालकीणबाईंना नवीन काही घ्या म्हणावं, तर भंगाराचा धंदा करणारी बाई ती. जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस आपल्याच फाटकातून आत येणार, मग दुकानात कशाला जायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

"चालतोय ना? मग चालू दे," एवढंच म्हणायच्या.

चालत होता, पण कसा, ते काटेरावांना विचारा. नुसतं बटण दाबलं तर 'टींऽऽ' असा न संपणारा आवाज यायचा आणि पडद्यावर एक निळं पान उघडायचं, इंग्रजी यादीचं. मग कीबोर्डवर कितीही बोटं आपटा, ढिम्म हलायचं नाही. म्हणून काटेरावांनी आपली एक पद्धत बसवली होती.

आधी केबिनचं दार लावायचं. मग पंखा बंद. मग चार्जरची पिन काढायची, माऊसची वायर काढायची, बॅटरी काढून तिच्यावर फुंकर मारायची, शर्टाला पुसायची, परत बसवायची आणि पिन पुन्हा जोडायची. झाकण अर्धंच उघडायचं. कीबोर्डच्या खाली, डाव्या हाताला, काटा तपासायचं किलोचं लोखंडी वजन ठेवायचं. बाहेरचा कीबोर्ड, जो त्यांनी ढिगाऱ्यातूनच हुडकून आणला होता, तो हातात तयार ठेवायचा. पण पहिली 'टीं' ऐकू आल्याशिवाय जोडायचा नाही. आणि हे सगळं झाल्यावर उभं राहून, डाव्या अंगठ्यानं, बटण दाबायचं.

उभं राहून का? तर एकदा बसून दाबलं होतं, तेव्हा चालू झाला नव्हता.

हसू नका. पद्धत अशीच वाढत गेली होती. एकदा पंखा चालू होता आणि लॅपटॉप अडला. दुसऱ्या दिवशी पंखा बंद होता आणि लॅपटॉप सुरू झाला. संपलं. पंखा दोषी ठरला तो कायमचा, त्याची बाजू कुणी ऐकूनच घेतली नाही. दाराचंही तसंच, माऊसचंही तसंच. नवीन गोष्ट आत यायची, जुनी कधी बाहेर जायची नाही. काही गाळून घोडं अडवायचा धोका कोण कशाला पत्करेल?

आणि खरं सांगायचं तर काटेरावांना ते आवडायचंही. बाहेर ड्रायव्हर ताटकळलेले, मालकीणबाई काचेतून डोकावतायत, आणि आपण शांतपणे बॅटरी शर्टाला पुसतोय. शेवटी पडद्यावर काट्याचं शून्य उमटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. "माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही," असं ते भेटेल त्याला सांगायचे. सगळ्यांत जास्त सांगायचे ताईला.

ताई त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा काटेरावांना धड चप्पल घालता येत नव्हती. तेव्हापासून त्यांना न्हाऊ घालण्यापासून ते शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं तिनं केलं, स्वतःची शाळा सोडून केलं. ती राहायची दुसऱ्या गावाला, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा काटेराव जाऊ शकले नाहीत. हंगाम होता, ट्रकांची रीघ लागली होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. आणि दाजी गेले, ताईचे यजमान, तेव्हा भाचीचा फोन आला नेमका लाइट गेलेली असताना. मालकीणबाई म्हणाल्या, लाइट आली की तेवढा लॅपटॉप चालू करून द्या आणि मग जा. लाइट आली दुपार टळून गेल्यावर. काटेराव पोहोचले तेव्हा माणसं सगळं उरकून परत निघाली होती.

ताई कधी बोलली नाही. "तुझं कामच तसं," म्हणायची. वर शेजारपाजारी कौतुकानं सांगायची, "माझ्या भावाशिवाय तिथलं मशीनच चालू होत नाही बाई!"

आता ती चालली होती मुलीकडे, समुद्रापलीकडे, कायमची. घर विकलं, सामान वाटून टाकलं. तिला विमानतळावर न्यायला उद्या दुपारी गाडी येणार होती. फोनवर एवढंच म्हणाली, "जमलं तर ये. नाही जमलं तरी माझं काही म्हणणं नाही."

ते 'काही म्हणणं नाही' काटेरावांच्या डोक्यातून जाईना. ताई पासष्टी ओलांडलेली, आपलेही केस पांढरे झालेले. आता नाही भेटलो तर पुन्हा भेटणं होईलच असं नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. ते तडक मालकीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"उद्या रजा पाहिजे. पहाटेची पहिली बस धरणारे."

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जा की, काटेराव. मी कधी नाही म्हटलंय? फक्त सकाळी तो तुमचा लॅपटॉप चालू करणारं माणूस ठेवून जा. उद्या बाहेरगावचे ट्रक आहेत. ते फाटकाशी अडकले तर मी काय करू, तराजू घेऊन उभी राहू?"

आता आली का पंचाईत! बाई नाही म्हणत नव्हत्या आणि हो पण म्हणत नव्हत्या.

आवारात क्रेन चालवायला एक बाई होत्या. सगळे त्यांना क्रेनबाई म्हणायचे. आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. उद्या त्यांच्या क्रेनचं ऑइल बदलायचं होतं, म्हणजे त्या सकाळभर मोकळ्याच. जेवणानंतर ट्रक तुरळक झाले तेव्हा काटेरावांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप मुद्दाम बंद केला.

"नीट ऐका हं बाई. आधी दार."

"दार कशाला?"

"लावायचं असतं."

"बरं, लावलं. उकाडा काय आहे हो इथे! पंखा लावा."

"पंखा नाही लावायचा!" काटेराव जवळजवळ ओरडलेच.

क्रेनबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि पुढचं ऐकलं. किलोचं वजन आलं तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "दादा, माझ्या क्रेनमध्ये पन्नास दांडे आहेत, पण कुठला कशासाठी ते मी सांगू शकते. हे वजन कशासाठी?"

"वजनाशिवाय होत नाही."

"कुणी सांगितलं?"

"अनुभव आहे माझा," काटेराव म्हणाले. बाई कामाला लागल्या.

त्यांनी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. पिन काढली, माऊस काढला. लॅपटॉप एका हातानं टेबलाच्या कडेबाहेर ओढून दुसरा हात खालून घातला आणि बॅटरी काढली. हात कसले, पकडीच त्या. फुंकर मारली, पुसली, खालूनच परत ठोकली, पिन जोडली. अर्धं झाकण, वजन, उभं राहून डावा अंगठा.

टींऽऽ. निळं पान.

"बाहेरचा कीबोर्ड जोडा, जोडा लवकर!"

जोडला. ढिम्म. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा टींऽऽ. बाहेर एक ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यानं भोंगा वाजवला. काटेरावांनी कपाळाला हात लावला.

"सरका," ते म्हणाले. त्यांनी पिन काढली, माऊस काढला, बॅटरी काढली, पुसली, बसवली, पिन जोडली, झाकण, वजन, अंगठा. 'टीं' एकदाच वाजून थांबलं, कीबोर्ड जोडला, आणि पडद्यावर काट्याचं शून्य आलं.

"बघितलंत?" काटेराव म्हणाले. "त्याला माझाच हात लागतो."

म्हणाले खरे, आणि क्षणभर नेहमीसारखी छातीही फुगली. मग त्यांच्या लक्षात आलं की याचा अर्थ उद्याची बस गेली. ते खुर्चीत बसले. ट्रकचं वजन घेतलं, पावती फाडून दिली, ड्रायव्हर काहीतरी विनोद करून गेला, तो त्यांना ऐकूच आला नाही. ताईला फोन करून काय सांगायचं याची जुळवाजुळव ते मनात करायला लागले. त्यात काही अवघड नव्हतं. वाक्य पाठच होतं.

क्रेनबाई मात्र गेल्या नव्हत्या. हात कमरेवर ठेवून लॅपटॉपकडे बघत उभ्या होत्या.

"पुन्हा करून दाखवा."

"काय उपयोग?"

"करा हो! बंद करा आणि पुन्हा करा. मला नुसतं बघू द्या."

काटेरावांनी नाखुशीनं पुन्हा सुरुवात केली. दार, पंखा, पिन, माऊस. बॅटरीपाशी आल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "थांबा! हे काय केलंत?"

"बॅटरी काढतोय."

"ते कळलं. पण तुम्ही तो पालथा केलात."

"पालथा केल्याशिवाय बॅटरी कशी काढणार?"

"मी नाही केला पालथा. मी खालून काढली." बाईंनी त्यांच्या हातातून लॅपटॉप घेतला. "तुम्ही सांगितलंच नाहीत पालथा करायचं म्हणून."

"त्यात काय सांगायचंय? ते काय पद्धतीत नाहीये."

"दार पद्धतीत आहे आणि हे नाही?"

त्यांनी बॅटरी काढलीच नाही. लॅपटॉप पालथा धरला, पोळपाट झटकावा तसा खणकन झटकला, सरळ केला, पिन आणि माऊस परत जोडले आणि बटण दाबलं. वजन बाजूलाच पडलेलं, माऊस जोडलेला, आणि बाई खुशाल खुर्चीत बसलेल्या. काट्याचं शून्य आलं.

बाईंनी लॅपटॉप बंद केला, उठून दार सताड उघडलं, पंखा पूर्ण वेगानं सोडला, पुन्हा पालथा, पुन्हा झटका, पुन्हा शून्य. यावेळी बाहेरचा कीबोर्डही जोडला नव्हता.

"अंगठा उजवा वापरला हं मी," बाई म्हणाल्या. त्यांना आता मजा यायला लागली होती. "पण झटकावा का लागतो? आत काहीतरी आहे."

त्यांनी डोकं टेबलाला टेकवलं आणि बटणांच्या ओळीवरून एक डोळा मिटून आडवं पाहिलं. वरच्या ओळीत, डावीकडे, एक बटण शेजाऱ्यांपेक्षा जरासं खाली बसलं होतं. कुणी दाखवल्याशिवाय दिसलं नसतं इतकं जरासं.

"हे बघा. हे दाबलं गेलंय. माझी क्रेनपण असंच करते. आदल्या दिवशी एखादा दांडा पुढे राहिला ना, तर सकाळी इंजिनच घेत नाही. तिला वाटतं कुणीतरी दाबून धरलंय. यालाही तेच वाटत असणार. तुम्ही पालथा करता तेव्हा बटण सुटतं, दिवसभरात परत बसतं."

त्यांनी काटेरावांचा पातळ स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ते बटण अलगद उचकटलं. खाली लोखंडाचा एक कीस होता, नखाएवढा, वळलेला, गंज चढलेला. आवारात असे कीस पायाखाली, डब्यात, केसांत, सगळीकडे असायचे. बाईंनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला, मग दारातून समोरच्या ढिगाऱ्यावर भिरकावला.

"माल जमा," त्या म्हणाल्या, आणि बटण टक्कन परत बसवलं.

आता झटकलं नाही, पालथा केला नाही, काही नाही. नुसतं बटण दाबलं. लॅपटॉप एक शब्द न काढता सुरू झाला. मग मेन स्विच पाडून पुन्हा केलं, तरी सुरू झाला. बाईंनी टाळी वाजवली.

"झालं! जा आता निर्धास्त. उद्या मी काय, फाटकावरचं कुत्रंसुद्धा चालू करील."

काटेरावांना आनंद व्हायला हवा होता. रजा पदरात पडली होती, बस मिळणार होती. पण ते लॅपटॉपकडे बघत तसेच बसून राहिले.

"किती दिवस असेल हो तो आत?" त्यांनी विचारलं.

"कीस ना? पहिल्यापासूनच असेल. तुमचा हा त्रास सुरू झाला तेव्हापासून."

"म्हणजे कुणीही नुसता झटकला असता..."

"कुणीही," बाई सहज बोलून गेल्या. मग त्यांनी काटेरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं. काय ते कळलं नाही. "चहा सांगू का?" त्यांनी विचारलं. काटेराव नको म्हणाले.

त्यांना तो लाइट गेलेला दिवस आठवत होता. फोन खिशात वाजतोय, भाची रडतेय, आणि आपण दार लावून, पंखा बंद करून, लाइट यायची वाट बघत बसलोय. मालकीणबाईंना तेव्हा सांगता आलं असतं, तुमचं तुम्ही बघा, मी चाललो. फार तर काय झालं असतं? कुणीतरी चिडून लॅपटॉप आपटला असता, आणि तो सुरू झाला असता. काटेरावांना संताप आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. मालकीणबाईंवर काढावा तर त्या कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. कीस तर ढिगाऱ्यात गेला होता. उरले आपले आपणच. संध्याकाळी त्यांनी किलोचं वजन कपाटात नेऊन ठेवलं आणि कुणाशी फारसं न बोलता घरी गेले.

पहाटेच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं की ताईला सगळं खरं सांगायचं. ताई, माझ्यावाचून तिथलं काही अडत नव्हतं. एका किसाच्या तुकड्यापायी मी आलो नाही. लग्नाला नाही, ऑपरेशनला नाही, दाजींना नाही. तिनं चार शिव्या दिल्या तर खायच्या. लहानपणी देत होतीच की.

ताईच्या घराचं दार उघडंच होतं. आत काही उरलं नव्हतं. भिंतींवर फोटोंच्या जागा तेवढ्या उजळ दिसत होत्या. मधोमध दोन बॅगा, त्यातल्या एकीवर ताई बसलेली, आणि शेजारची बाई तिला डबा बांधून देत होती. ताई बारीक झाली होती. काटेराव दारात दिसले तशी ती उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदाच्या आधी काळजी आली.

"अरे! तू कसा आलास? बंद पडला की काय तुझा लॅपटॉप?"

काटेरावांनी तोंड उघडलं. पण ताई तोवर शेजारणीकडे वळली होती. "हा माझा भाऊ. सांगत होते ना मी? याच्याशिवाय तिथलं काही चालू होत नाही." आणि ते सांगताना तिची मान जी काही ताठ झाली, ती बघून काटेरावांनी पाठ केलेलं सगळं गिळून टाकलं.

"हो ताई," ते म्हणाले. "बंद पडला. कायमचा."

"अगंबाई! मग आता रे?"

"आता काही नाही. आता मी मोकळाच आहे."

ताई हळूच परत बॅगेवर बसली. बराच वेळ तिनं डब्याची गाठ सोडली आणि बांधली. मग, जी बाई आजवर कधी एका शब्दानं बोलली नव्हती, ती म्हणाली, "मेला जरा आधी बंद पडला असता तर काय बिघडलं असतं? हे गेले त्या दिवशी मी किती वाट बघितली रे तुझी. सगळ्यांना थांबवून धरलं होतं."

आणि ती रडायला लागली. शेजारीण बाहेर गेली.

काटेरावांच्या खिशात फोन वाजला. क्रेनबाईंचा होता, सकाळी लॅपटॉप चालू झाला हे सांगायलाच असणार. त्यांनी तो न उचलता बंद केला आणि दुसऱ्या बॅगेवर, ताईच्या शेजारी, बसले. गाडी यायला अजून वेळ होता.